पाऊस वाढण्याआधी धरणावर जा

पाऊस सुरू झाला आहे. तुमच्या गावाच्या वरच्या अंगाला मातीचे जुने धरण किंवा पाझर तलाव असेल, तर हे आवाहन तुम्हालाच आहे. उद्यावर टाकू नका.

२ जुलै २०१९ ची रात्र आठवा. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि भेंदवाडीतली घरेच्या घरे पाण्याने उचलून नेली. वीसहून अधिक माणसे गेली. धरण गळते आहे, हे गावकऱ्यांनी आधीच सांगितले होते.

आपले कितीतरी पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळात आपल्याच आयाबापांनी मातीच्या पाट्या वाहून बांधले. या तलावांची पन्नाशी उलटली. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा मुख्यतः १५ मीटरहून उंच धरणांसाठी आहे. गावचा लहान तलाव बहुधा त्यात येत नाही. त्याच्यावर नजर ठेवणारे तुम्हीच.

म्हणून जा. दोघे-तिघे मिळून जा. कोरड्या बाजूने, पायथ्यालगत चाला. मातीच्या धरणातून थोडे नितळ पाणी पाझरतेच, त्याला घाबरू नका. पण पाणी गढूळ दिसले तर आतली माती वाहून चालली आहे, भरावाच्या पोटात पोकळी पडते आहे असे समजा. ती फार झपाट्याने रुंदावते. माथ्यावरच्या भेगा बघा, खचलेला उतार बघा, खेकड्याघुशींची बिळे बघा. फोटो काढा. ग्रामपंचायतीत आणि जलसंधारण विभागात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि दुरुस्ती होईपर्यंत पाठ सोडू नका.

आता सांडव्याकडे वळा. पाणी जरा जास्त साठावे म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचली जातात. उन्हाळ्यात पीक जगवायची तुमची धडपड खरी आहे. पण सांडवा अडला की पाणी भरावावर चढते, आणि मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागले की तो टिकत नाही. गुजरातेत १९७९ साली मच्छू धरणाचे मातीचे बांध असेच वरून पाणी जाऊन फुटले आणि मोरबी शहर बुडाले. ती पोती आजच काढा! सांडव्यातला गाळ, झुडपे काढा. पंपाच्या पाइपासाठी भराव खणू नका, पायथ्याचा मुरूम कुणाला उचलू देऊ नका. भरावावर मोठे झाड असेल तर मात्र ते स्वतः उपटू नका. मुळांच्या जागी पोकळी राहते, अभियंत्याला बोलवा.

ओढ्याकाठी कोण राहते, तुम्हाला ठाऊक आहे. अंथरुणाला खिळलेल्या आजी कुठल्या घरात आहेत, बाळंतीण कुठल्या घरात आहे, तेही ठाऊक आहे. कुणी कुणाला उठवायचे, कुणाला उचलून न्यायचे, उंचावरच्या शाळेत जायचे की देवळात, हे आज रात्रीच ठरवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर घराघरांत लिहून ठेवा. मुसळधार पावसात पाळीपाळीने पहारा द्या. गढूळ पाणी दिसले की आधी खालची वाडी उठवा, मग फोन लावा.