डग्गा डिकीत, चाट दारात

एका वाचकाने या आठवड्यात कोटेशनचा फोटो पाठवला आणि माझी सकाळ नासली. त्यांनी छोट्या हॅचबॅकचं बेस मॉडेल घेतलंय. २०२५च्या सप्टेंबरात छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला, त्यात वाचलेल्यातले ३० हजार त्यांना गाण्यांवर घालायचेत. जीएसटीचा याहून सत्पात्री विनियोग मला तरी सुचत नाही. पण कोटेशन पाहा. दहा इंची अँड्रॉइड स्क्रीन, १३ हजार. बासट्यूब, साडेआठ हजार. चार दारांत चार कोॲक्सिअल स्पीकर, मिळून साडेपाच हजार. रिव्हर्स कॅमेरा, १८००. वायरिंग-फिटिंग, १२००. डिकीत निळी एलईडी पट्टी, फ्री. आणि खाली दोन रेघा मारून : टोटल आउटपुट १४०० वॅट.

जुने वाचक इथे हसले असतील. पीएमपीओचं, म्हणजे खोक्यावरच्या फुगवलेल्या वॅटचं, भूत या जागेत कितीदा तरी गाडलंय, ते दर दिवाळीला नव्या खोक्यावर बसून परत येतं. पण वॅट मोजायला अभियंता लागत नाही. स्टिरिओच्या पाठीमागे फ्यूज असतो, बहुतेकदा १० अँपिअरचा. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट असतात. गुणाकार करा : १४० वॅट. हे आत जाणारे. त्यातच स्क्रीन उजळायची, ब्लूटूथ चालायचं आणि उरलेल्यातली बरीच वीज उष्णता होऊन उडून जायची. खोक्यावर मात्र ‘५० वॅट गुणिले ४’, म्हणजे २०० बाहेर. आत १४०, बाहेर २००! असं यंत्र खरोखर निघालं तर ते डॅशबोर्डमध्ये कशाला, महावितरणला द्या. चार ओहमच्या स्पीकरला अशा स्टिरिओतून स्वच्छ मिळतात ते चॅनेलमागे १५-२० वॅट. त्यापुढे निघतो तो आवाज नव्हे, दंगा.

पण मी वॅटवर लिहायला बसलेलो नाही. आमच्या सोसायटीत एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या असतात. दोघांनाही कंपनीचा साधा स्टिरिओ आला होता, दोघांनीही त्यावर तीसेक हजार घातले. या रविवारी एकाच फोनवरून, एकच अभंग दोन्ही गाड्यांत ऐकायचा योग आला. भीमसेनजींचा, टाळ-पखवाज-तबल्यासकट. इतकी वर्षं या स्तंभात जे घोकतोय ते सगळं त्या पार्किंगमध्ये आयतं मांडून ठेवलेलं होतं.

पहिली गाडी म्हणजे वरच्या कोटेशनची सख्खी बहीण. कंपनीचा चालता-बोलता स्टिरिओ काढून मोठी स्क्रीन, चार स्पीकर, डिकीत बासट्यूब. अभंग सुरू झाला आणि तानपुरा एसीच्या घरघरीत बुडाला. टाळ थेट कानशिलावर. मागच्या दारांतले स्पीकर पुढच्यांइतकेच जोरात, त्यामुळे पंडितजी मागच्या सीटवर बसून माझ्या मानेवर गात होते. सगळ्यात गंमत तबल्याची. चाट पुढच्या दारातून येत होती आणि डग्गा डिकीतून. तबलजीचा एक हात बॉनेटकडे, दुसरा स्टेपनीवर. त्यातही डग्ग्याला एकच सूर. बोल कुठलाही पडो, डिकीतून येणार ‘धुम्म’. या नळकांड्याला हवा बाहेर फेकणारं एक भोक असतं आणि ते एका ठरावीक कंपनाभोवती जुळवलेलं असतं. त्या सुरावर ते जीव तोडून वाजतं, बाकीच्या सुरांशी त्याला देणंघेणं नसतं. पावसाळी पिकनिकच्या रिमिक्सला तोच एक सूर पुरतो. अभंगाला पुरत नाही.

दुसऱ्या गाडीत शिरल्यावर बघण्यासारखं काहीच नाही. कंपनीचा स्टिरिओ जागच्या जागी, दारांना कंपनीच्याच जाळ्या. मालकाने हिशोब सांगितला : पुढच्या दोन दारांत साडेसहा इंची कॉम्पोनंट स्पीकर, ८ हजार. त्याच दोन दारांचं डॅम्पिंग, ५ हजार. सीटखाली चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर, ११ हजार. तांब्याची वायर आणि फ्यूज, ३ हजार. मजुरी, ३ हजार. मागच्या दारांतले स्पीकर बंद. अभंग लावला. आवाज डॅशबोर्डवर, काचेच्या जरा अलीकडे, आणि तबलजी अखंड, एका जागी बसलेला. डग्ग्यावर मनगट सरकतं तेव्हा सूर वर चढतो ना, तो घिस्सा स्पष्ट ऐकू आला. पहिल्या गाडीत तो होता की नाही, हे मालकालाही सांगता आलं नाही. न्यायाने हेही सांगतो की नंतर भाच्याने रिमिक्स लावलं तेव्हा पहिली गाडी जिंकली. अगदी खालचा खर्ज दारातला स्पीकर देऊ शकत नाही. पण ज्याला फक्त तेवढंच हवंय, त्याने गणपतीत डीजेच्या भिंतीसमोर फुकट उभं राहावं.

फरक कुठे पडला? लोकांना वाटतं, महागड्या स्पीकरमुळे. माझ्या मते निम्म्याहून जास्त काम त्या ५ हजारांच्या डॅम्पिंगने केलं. गाडीचं दार म्हणजे स्पीकरचं खोकं. स्पीकरचा पडदा पुढे जितकी हवा ढकलतो तितकीच मागे ओढतो. दाराच्या आतल्या पत्र्याला काचेच्या मोटरसाठी, लॉकसाठी हातभर भोकं ठेवलेली असतात आणि त्यांवर बहुतेकदा प्लॅस्टिकचा पातळ कागद. मागचा आवाज त्या भोकांतून पुढे येतो, पुढच्या आवाजाला खोडतो आणि पहिला बळी जातो खर्जाचा. कुकरची रिंग न लावता शिट्टीची वाट बघण्यातला प्रकार. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटिलची शीट चिकटवायची, म्हणजे तो थरथरत नाही. आतल्या पत्र्याची भोकं बंद करायची. झालं. मात्र दाराच्या तळाशी पाण्याच्या निचऱ्याची बारीक भोकं असतात, ती चुकूनही बुजवायची नाहीत. काचेवरून उतरलेलं पावसाचं पाणी तिथूनच बाहेर पडतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती बुजली तर दार आतून सडेल आणि मग गाणं नव्हे, डबकं ऐकावं लागेल.

आता मागच्या स्पीकरबद्दल. मारुती ८००च्या मागच्या फळीवर दोन ओव्हल ठेवायची चाल होती, कारण दारात जागा नव्हती. दारात जागा झाली तरी अंधश्रद्धा गेली नाही. मैफलीत कोणी गवयाकडे पाठ करून बसतं का? मागे मुलं बसत असतील तर कंपनीचे स्पीकर राहू द्या, फेडर पुढे सरकवा. पण त्यांच्यावर नवा रुपया घालू नका. आणि निळी पट्टी? ज्या गाडीच्या डिकीत निळा दिवा, तिच्या मालकाला इंडिकेटरची दांडी सापडत नाही. यावर कुठलाही अभ्यास झालेला नाही, व्हायची गरजही नाही. सातारा रस्त्यावर संध्याकाळी उभे राहा.

तर कोटेशनवाल्या वाचकांसाठी माझी मांडणी. तुमच्या बेस मॉडेलला स्टिरिओच नाही, म्हणून आधी साधा, बिनस्क्रीनचा ब्लूटूथ स्टिरिओ घ्या, सात हजारांच्या आसपासचा. त्यात टाइम अलाइनमेंट हवी. आपण उजवीकडे बसतो, उजवा स्पीकर जवळ, डावा लांब. आवाज एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटिमीटर चालतो, तेव्हा जवळच्याला थोडं थांबवलं की गवई समोर येऊन बसतो. स्क्रीनचं म्हणाल तर नकाशा फोनवर दिसतो. मग पुढच्या दोन दारांचे कॉम्पोनंट, ८ हजार. डॅम्पिंग, ५ हजार. फिटिंग, २ हजार. झाले २२. उरलेले ८ बँकेत ठेवा. वर्षभराने त्यात भर घालून चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर घ्या. दोन चॅनेल दारांना, उरलेले दोन जोडून पुढेमागे एका सबवूफरला. सब सगळ्यात शेवटी. गाडी ही छोटी, बंद खोली असल्याने खालचा खर्ज ती स्वतःच फुगवते, घरातल्याइतका मोठा सब इथे लागत नाही.

स्पीकर निवडताना वॅटकडे बघू नका, सेन्सिटिव्हिटी बघा. ॲम्प्लिफायर नाही तोवर तर नक्कीच. ९१ डेसिबलचा स्पीकर २० वॅटवर जेवढा वाजतो तेवढं वाजायला ८८वाल्याला ४० वॅट लागतात. तीन डेसिबल म्हणजे दुप्पट वीज. हा आकडा खोक्यावर बारीक अक्षरात असतो, कारण त्याचा स्टिकर चांगला दिसत नाही.

वायरीचं टोक ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं निघालं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. तेवढ्याच जाडीत ती तांब्याच्या साधारण दोन-तृतीयांशच वीज वाहते. ॲम्प्लिफायरची वायर बॅटरीपासून निघाली की हातभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. तो गाडी जळू नये म्हणून असतो, ॲम्प्लिफायर वाचावा म्हणून नव्हे. नव्या गाडीची मूळ वायर कापू देऊ नका, कपलर लावून घ्या, नाहीतर वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटरवाले त्या कापलेल्या टोकाकडे बोट दाखवतील. आणि ॲम्प्लिफायरचा ‘गेन’ म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. फिटरने तो शेवटपर्यंत पिळला तर आवाज फाटतो आणि ट्वीटर जळतात.

गाडी ताब्यात घेण्याआधी एक तपासणी, फुकटची. खर्ज भरपूर असलेलं गाणं लावा, बॅलन्स पूर्ण उजवीकडे न्या, मग डावीकडे, मग मध्ये आणा. मध्ये आणल्यावर खर्ज वाढायच्या ऐवजी पातळ झाला, तर एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे जोडलेत. दोन पडदे एकमेकांविरुद्ध हलतायत. आहे त्या गाडीतही आजच करून बघा; कदाचित तुमचं अपग्रेड तिथल्या तिथे, एक पैसा न लागता होईल.

आणि दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न भावाचा विचारू नका. विचारा, ‘दाराचं पॅनेल उघडून आतून काय काय करणार?’ उत्तर नीट आलं तर बसा, चहा घ्या. ‘त्याची काही गरज नसते साहेब’ असं आलं, तर त्याच्याकडून सीट कव्हर घ्या. ती तो उत्तम बसवतो.

— कानसेन