आम्ही प्रार्थनेचा विषय नाही



मी हमाल आहे. मुंबईच्या गोदीत, कंत्राटी टोळीत. दहावी पास, आमची म्हातारी अजून मॅट्रिकच म्हणते, म्हणून मॅट्रिक. माझ्या दोन-चार कविता तुम्ही छापल्यात. ही कविता नाही. हा अहवाल आहे. जिथं द्यायचा होता तिथं दिला, त्यांनी तो पेन्सिलीनं कापला. म्हणून इथं देतोय.

दोन वर्षांमागं जहाजातून पोलादाची कॉइल उतरवताना स्लिंग सुटली आणि माझा डावा पाय घोट्यात मोडला. मुकादमानं दोन हजार हातावर टेकवले. म्हणाला, बरा झालास की ये. बरा व्हायला गावाकडं आलो, लातूर जिल्ह्यात. मंडळीचे पाळकसाहेब घरी आले, पायावर हात ठेवून प्रार्थना केली आणि मायला म्हणाले, पोरगं गातं, लिहितं, एक वर्ष इंटर्नशिपला पाठवा. नांदेडला राहणं, खाणं फुकट, वर महिना तीन हजार. माय रडली. आमच्या घरात आजवर कोणी सुद्ध्या कपड्यात बसून पगार घेतला नव्हता.

संस्थेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर सगळं खापर तिच्यावर फुटंल आणि बाकीच्या देवळांचे वडीलजन आरामात झोपतील.

आधी चांगलं सांगतो, नाहीतर म्हणाल हमालाच्या तोंडात शिवीच. आम्ही चौदा जण होतो. मांग, महार, दोन लमाणाची पोरं, एक वडार, एक मराठा, तीन पोरी. एका हॉलात निजायचं, एका पातेल्यातलं खायचं. पहाटे पाचला घंटा. प्रार्थना, झाडलोट, वर्ग, मग बुधवारपासून काळीपिवळीत कोंबून मुखेड, देगलूर, अहमदपूर, उदगीरकडची खेडी. पहिल्याच आठवड्यात त्या मराठ्याच्या पोरानं माझ्या ताटातली भाकर तोडून खाल्ली. विचारलं नाही, हात घातला. रात्री मला झोप आली नाही. मी गोदीत सगळ्या जातीच्या घामात काम केलंय, पण डबा उघडायची वेळ आली की टोळी आपोआप तुटते हे मी बघितलंय. इथं तुटली नाही. ही गोष्ट मी विसरणार नाही आणि कोणी तिची टिंगल केली तर त्याच्याशी भांडेन.

पण त्याच पोराच्या गावाला सुवार्तेला गेलो तेव्हा वेशीपाशी तो हळूच म्हणाला, ब्रदर, घरी सांगू नका कोण ते. नुसतं ख्रिस्ती म्हणा.

नुसतं ख्रिस्ती. हा शब्द काय आहे ते मला त्या वर्षात कळलं.

आठवड्याला साक्ष द्यायची असायची. म्हणजे उभं राहून सांगायचं, पूर्वी मी कसा होतो आणि प्रभूनं मला कसं बदललं. पोरं सांगायची: दारू प्यायचो, मटका खेळायचो, मायला मारायचो. मी काय सांगणार? मी सांगितलं, पूर्वी आमच्या आज्याला गावात चप्पल घालून जाता येत नव्हतं. सर म्हणाले, ब्रदर, हे पाप तुमचं नाही, आपलं पाप सांगा. अगदी बरोबर बोलले. पाप माझं नाही. मग ज्याचं आहे त्याची साक्ष कधी? ती एकदाही झाली नाही.

उलट काय झालं ते ऐका. व्यासपीठावरून वर्षभरात दहादा तरी नारायण वामन टिळकांचं नाव निघालं. मोठा कवी, वादच नाही. त्यांचं लिहिणं वाचूनच मी अभंगाची चाल शिकलो. पण नाव घेताना दर वेळी पुढं जोडायचे, ब्राह्मण असून १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. ब्राह्मण असून! म्हणजे टिळकांचं ब्राह्मणपण सव्वाशे वर्षं झाली तरी देवळात मिरवायला चालतं, आणि माझ्या आज्याचं मांगपण दारात काढून ठेवायचं. जात पुसायची तर दोघांचीही पुसा की. एकाची खुंटीला टांगता आणि दुसऱ्याची उकिरड्यावर टाकता, हा कुठला हिशेब?

आणि हलगी. माझा बा हलगी वाजवतो. उपासनेत मी हलगी काढली तर म्हणाले, हे भुताखेताचं वाद्य, जत्रेचं, इथं कीबोर्ड आहे. दोन महिन्यांनी परदेशी पाहुणे आले. तेव्हा आम्हाला फेटे बांधले आणि गेटापासून हॉलपर्यंत हलगी वाजवत आणायला लावली. बापजाद्यांनी पाटलाच्या वरातीपुढं वाजवली, मी पाहुण्यांच्या गाडीपुढं.

संडास कोण धुवायचं त्याची पाळी लागली होती. कागदावर चौदा नावं. पुण्याहून आलेल्या इंग्रजीवाल्या दोघांची पाळी आली की त्यांचा माइकचा सराव निघायचा. बास, एवढंच सांगतो.

आता नाताळ.

नांदेड-लातूरच्या शिवेवरचं गाव. मांगवाड्यात अकरा घरं ख्रिस्ती. चोवीस डिसेंबरच्या रात्री पोरं गाणी म्हणत निघाली, आम्ही चार इंटर्न बरोबर. बांबूला कागदी चांदणी, आत बॅटरी. वाड्यात हलगी चालते, म्हणून हलगी. मारुतीच्या पाराजवळ पहिला दगड आला. मग मोजले नाहीत. बारावीतल्या एका पोराचं कपाळ फुटलं, सात टाके. दगड मारणारे ओरडत होते, मांगट्यांनो, माजलात का? ध्यान द्या. ख्रिश्चनांनो नाही म्हणाले. मांगट्यांनो म्हणाले.

ठाण्यात गेलो. साहेबानं विचारलं, जात? पोरगं म्हणालं, मांग. साहेबानं त्याच्या गळ्यातला क्रूस बघितला. मग अॅट्रॉसिटी कशी लावू? तुम्ही लोकं धर्म बदलता आणि कायदा तिकडचा मागता. साधी मारामारी लिहिली. दगड मारणाऱ्याला जात दिसली, लिहिणाऱ्याला दिसली नाही.

सालं, त्या साहेबाला नुसतं शिव्या देऊन भागत नाही. त्याच्या पाठीमागं कागद आहे. १० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश, त्याचा तिसरा परिच्छेद: हिंदू सोडून दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. १९५६ ला शीख घातले. बौद्धांना केंद्रात १९९० साल उजाडावं लागलं. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर. मद्रासला रस्त्याकडेला चपला शिवणारा सूसाई नावाचा माणूस होता. सरकारनं चांभारांना टपऱ्या दिल्या, त्याला ख्रिस्ती म्हणून दिली नाही. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ ला न्यायालय म्हणालं, धर्मांतरानंतरही तितकाच जाच आहे हे दाखवून द्या. तोच रस्ता, तीच आरी, तीच चामड्याची घाण, आणखी काय दाखवायचं होतं? २००७ ला रंगनाथ मिश्रा आयोगानं सांगितलं, धर्माची ही अट काढा. अहवाल पडून राहिला. ऑक्टोबर २०२२ ला बालकृष्णन आयोग नेमला, दोन वर्षांची मुदत दिली आणि ती वाढवली. दरम्यान ३० एप्रिल २०२५ ला आंध्रच्या उच्च न्यायालयानं एका पास्टरच्या खटल्यात सांगितलं, ख्रिस्ती झालास, अॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण नाही. जुलै २०२५ मध्ये आपले मुख्यमंत्री विधान परिषदेत म्हणाले, हिंदू, बौद्ध, शीख सोडून बाकीच्यांनी घेतलेले अनुसूचित जातीचे दाखले रद्द करू.

म्हणून मराठवाड्यात घरोघर दोन नावं आहेत. रविवारचं एक, तहसीलचं एक. टाके पडलेल्या पोराचं कॉलेज हिंदू-मांग दाखल्यावर चालू आहे. अॅट्रॉसिटी मागायची तर तो दाखला पुढं करावा लागतो, दाखला पुढं केला की गळ्यातला क्रूस खोटा, क्रूस खरा म्हटलं की फी भरा. पोराच्या बापानं रात्रीच क्रूस काढून डाळीच्या डब्यात ठेवला.

हे सगळं मी महिन्याच्या अहवालात लिहिलं. साडेपाच पानं. सरांनी त्यातली साडेतीन पानं पेन्सिलीनं आडवी मारली आणि समासात लिहिलं, "प्रार्थनेचा विषय: गावातील काही बांधवांच्या आरोग्यासाठी." आरोग्यासाठी! पोराला हिवताप आला होता काय?

मी विचारलं तर म्हणाले, ब्रदर, दुसरा गाल. शिवाय वातावरण बरं नाही, संस्थेची चौकशी लागेल, पोरांचं होस्टेल बंद पडेल. हे दुसरं कारण खरं होतं आणि ते मला समजतं. भीती खोटी नाही. म्हातारा, आजारी फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला कैदेतच मेला, हे बघितलेल्या देशात पाळक घाबरला तर त्याला मी भेकड म्हणणार नाही. पण भीतीला भीती म्हणा. तिला गाल म्हणू नका. योहानाचा अठरावा अध्याय काढा. महायाजकापुढं येशूला शिपायानं थोबाडीत मारली. त्यानं दुसरा गाल पुढं केला का? त्यानं विचारलं, माझं चुकलं असंल तर सांग, नसंल तर का मारतोस? तोच सवाल मी ठाण्याच्या अहवालात लिहिला होता.

आणखी एक सांगतो. १८५५ साली मुक्ताबाई साळवे नावाच्या चौदा वर्षांच्या मांगाच्या पोरीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. फुल्यांच्या शाळेतली पोरगी. पेशवाईत आमच्या माणसांचं काय केलं ते तिनं उघडं लिहिलं, आम्हाला धर्मच कुठला असंही विचारलं. तो निबंध छापला कोणी? ज्ञानोदयनं, अमेरिकन मिशनच्या पेपरनं. तेव्हाच्या मिशनऱ्याच्या हातात पेन्सिल नव्हती काय? १९८१ ला बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल उभे राहिले आणि म्हणाले, आमचं ईश्वरशास्त्र आमच्या शूद्रपणापासून सुरू होईल. संस्थेच्या लायब्ररीत अमेरिकेतल्या उपदेशकांची कपाटं भरलीत, निर्मल नाहीत. कॅथलिक बिशपांनी निदान २०१६ ला कागदावर कबूल केलं की चर्चमध्ये जात पाळतात आणि १ कोटी ९० लाखांत १ कोटी २० लाख दलित आहेत. एवढी मेंढरं एका जातीची, मग मेंढपाळ मोजा की.

आता तुम्ही. हो, तुम्हीच, अंक वाचणारे.

मी संस्था सोडून आलो तेव्हा आपल्याच एका कार्यकर्त्यानं नांदेडच्या चहाच्या टपरीवर मला विचारलं, काय रे पाववाल्या, बिस्किटं संपली का? सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन म्हातारीला विचारलं, आपण का झालो ख्रिस्ती? घोंगड्यासाठी? ती म्हणाली, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात घर पडलं तेव्हा घोंगडी सगळ्यांनीच दिली. संघवाल्यांनी दिली, सरकारनं दिली, ट्रकवरून फेकून दिली. एक बाई मातर खाली उतरली, माझ्या पत्र्याखाली बसली आणि माझ्या हातचा काळा चहा प्याली. मंग मी तिच्या देवाला गेले. चहासाठी गेले म्हन.

आणि नवं गावठाण बांधलं तेव्हा आमच्या गल्ल्या पुन्हा एका कडेलाच पडल्या, हेही तिनंच सांगितलं.

बाबासाहेबांनीही ख्रिस्ती समाजाला झाडलंय. शिकलात, नोकऱ्या घेतल्यात, पण अन्यायाविरुद्ध चारचौघांत आवाज कुठाय, असा त्यांचा सवाल होता. तो मी छातीवर घेतो. पण त्यांनी तो विचारला, पाववाला म्हणाले नाहीत. ४ ऑगस्ट १९७८ ला नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीत पोचिराम कांबळेला मारलं ते बाबासाहेबांच्या नावासाठी, विद्यापीठाच्या नामांतरासाठी. तो मांग होता. तेव्हा कोण कुणाचा ते टपरीवर बसून ठरवू नका. ५० चा आदेश तोडायचा मोर्चा निघंल तेव्हा निळे झेंडे येणार का, का आमच्या वाट्याला चार जागा कमी होतील म्हणून घरी बसणार? सरळ सांगा. गोदीत ओझं उचलायच्या आधी समोरच्याला विचारावंच लागतं, धरलंस का?

पाय आता पावसाळ्यातच दुखतो. मी पुन्हा टोळीत आहे. रविवारी पाळी नसली तर देवळात जातो, मागच्या बाकावर बसतो. कुणी विचारलं तर जात सांगतो.

कापलेली साडेतीन पानं सोबत जोडलीत. पेन्सिलीच्या रेघांसकट छापा. त्या गावाचं आणि पोराचं नाव मी स्वतः शाईनं खोडलंय. माझंही नाव खाली टाकू नका. धाकट्या भावाची परीक्षा मार्चमध्ये आहे आणि त्याची फी हिंदू-मांग दाखल्यावर माफ आहे. एप्रिलच्या अंकात टाका.