सीमा परक्यांच्या, भाषा कोणाची?

पश्चिम आफ्रिकेतील नायजर, माली आणि बुर्किना फासो या तीन देशांनी मार्च २०२५मध्ये फ्रेंच भाषक देशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच महिन्यात नायजरच्या लष्करी राजवटीने नवी सनद लागू केली, हौसा ही राष्ट्रभाषा ठरविली आणि फ्रेंचला इंग्रजीच्या जोडीने केवळ कामकाजाच्या भाषेचे स्थान दिले. मालीने २०२३च्या नव्या राज्यघटनेद्वारे १३ देशी भाषांना अधिकृत दर्जा देऊन फ्रेंचला याच पायरीवर आणले होते. बुर्किना फासोने २०२४च्या प्रारंभी तोच मार्ग धरला. ज्या संघटनेचा या देशांनी त्याग केला, तिची पायाभरणी २० मार्च १९७० रोजी नायजरचीच राजधानी असलेल्या नियामे येथे झाली होती. नायजरचे पहिले अध्यक्ष हमानी दिओरी आणि सेनेगलचे कवी-अध्यक्ष लिओपोल्ड सेंघोर हे तिच्या प्रवर्तकांपैकी होते. पंचावन्न वर्षांत कालचक्र असे पूर्ण फिरले आहे.

या घटनेकडे फ्रान्सविरोधी संतापाचा आणखी एक उद्रेक म्हणून पाहणे सोपे आहे. या तिन्ही देशांत २०२० ते २०२३ या काळात लष्कराने सत्ता घेतली, फ्रेंच फौजांना परत पाठविले आणि रशियाशी जवळीक केली, हे खरेच आहे. परंतु भाषेचा प्रश्न या राजवटींच्या आधीचा आहे आणि त्यांच्यानंतरही उरणार आहे. तो समजून घ्यायचा तर आफ्रिकेचा नकाशा कसा तयार झाला, इथून सुरुवात करावी लागते.

बर्लिन येथे नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ या काळात झालेल्या परिषदेत १४ सत्ता सहभागी होत्या. त्यात आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता. या परिषदेतच टेबलावर नकाशा पसरून सगळा खंड कापला गेला, असा एक समज रूढ आहे. तो पूर्णतः बरोबर नाही. परिषदेने प्रामुख्याने नियम ठरविले. प्रत्यक्ष रेषा नंतरच्या वर्षांत दोन-दोन सत्तांमधील करारांनी आखल्या. त्यांपैकी एक रेषा आजच्या विषयाशी थेट निगडित आहे. ऑगस्ट १८९०मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांनी नायजर नदीवरील से या गावापासून चाड सरोवराच्या काठावरील बारुवापर्यंत आपापल्या प्रभावक्षेत्राची सीमा ठरविली. पुढील करारांत ती काहीशी सरकली, पण तिने केलेली फाळणी कायम राहिली. हौसा भाषकांची कानो, कात्सिना, झारिया ही जुनी व्यापारी नगरे ब्रिटिशांच्या वाट्याला आली आणि मारादी, झिंदेर हा उत्तरेचा पट्टा फ्रेंचांकडे गेला. एकाच भाषेची, एकाच बाजारपेठेची माणसे दोन राज्यांत विभागली गेली. त्यांतील एकांची मुले इंग्रजी शिकू लागली, दुसऱ्यांची फ्रेंच. आज नायजर आणि नायजेरिया यांच्यातील सीमा सुमारे १६०० किलोमीटर लांबीची आहे आणि तिच्या मोठ्या भागात दोन्ही बाजूंना हौसाच बोलली जाते.

असे उदाहरण एकच नाही. गांबिया हा देश म्हणजे एका नदीच्या दोन्ही काठांची चिंचोळी पट्टी असून समुद्रकिनारा वगळता तो सर्व बाजूंनी सेनेगलने वेढलेला आहे. वोलोफ आणि मांडिंका या भाषा दोन्ही देशांत आहेत. सरकारी भाषा मात्र एकाची इंग्रजी, दुसऱ्याची फ्रेंच. १९८२मध्ये या दोघांनी संघराज्य स्थापन करून पाहिले, ते १९८९मध्ये मोडले. एवे भाषक घाना आणि टोगो यांच्यात विभागले गेले आहेत.

स्वातंत्र्यानंतर या रेषा पुसाव्यात, असे आफ्रिकी नेत्यांना वाटले नाही काय? वाटले, पण त्यांनी विचारपूर्वक ते टाळले. जुलै १९६४मध्ये कैरो येथे आफ्रिकी ऐक्य संघटनेने स्वातंत्र्याच्या वेळी असलेल्या सीमा मान्य करण्याचा ठराव केला. खंडात सुमारे दोन हजार भाषा आहेत. प्रत्येक भाषेसाठी सीमा बदलायची म्हटले, तर युद्धांना अंत राहिला नसता. एरिट्रिया (१९९३) आणि दक्षिण सुदान (२०११) हे ठळक अपवाद वगळता हा ठराव बहुतांशी टिकला. एकच भाषा असली म्हणजे राष्ट्र टिकतेच असेही नाही, याचा दाखला सोमालियाने दिला. तेथे जवळजवळ सर्वांची भाषा एक, १९७२पासून तिला अधिकृत लिपीही मिळाली; तरीही १९९१मध्ये ते राज्य कोसळले.

सीमा न हलविण्याच्या या शहाणपणाची किंमत मात्र भाषेने मोजली. नव्या राज्यांना सर्व जमातींना समान अंतरावर ठेवणारी एखादी भाषा हवी होती आणि ती वसाहतकर्त्याच्या रूपाने आयती उपलब्ध होती. फ्रेंच किंवा इंग्रजी कोणाचीच नाही, म्हणून ती सर्वांची, असा युक्तिवाद करण्यात आला. प्रत्यक्षात ती शाळेत टिकून राहिलेल्यांची झाली. न्यायालय, तहसील, लष्करातील अधिकारपद आणि विद्यापीठ यांचे दरवाजे या मूठभरांनाच उघडले. बाजारात बंबारा बोलणाऱ्या मालीच्या शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा कागद वाचण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागले.

परकी भाषा तटस्थ असते, हा समज कॅमेरूनने तर पार खोटा ठरविला. ही मूळची जर्मन वसाहत पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच आणि ब्रिटिश अशा दोन वाट्यांत विभागली गेली. १९६१मध्ये ब्रिटिश वाट्याचा दक्षिण भाग फ्रेंच भाषक देशाला जोडला गेला. १९७२मध्ये संघराज्य रद्द झाले. २०१६मध्ये इंग्रजी भाषक भागातील वकील आणि शिक्षक रस्त्यावर उतरले, कारण त्यांच्या न्यायालयांत आणि शाळांत फ्रेंच पद्धतीचे न्यायाधीश व शिक्षक नेमले जात होते. पुढच्या वर्षी त्यातून सशस्त्र संघर्ष उभा राहिला. दोन्ही भाषा बाहेरच्या, पण त्यांवरून रक्त सांडले ते आफ्रिकी माणसांचे. ज्या भाषेत कायदा आणि शिक्षण चालते, तिच्यात माणसाचे भवितव्य अडकलेले असते, हाच याचा अर्थ.

तेव्हा साहेलमधील तीन देशांचा निर्णय तत्त्वतः योग्यच म्हणावा लागेल. प्रश्न आहे तो अंमलबजावणीचा, आणि त्यासाठी दोन जुने प्रयोग डोळ्यांपुढे ठेवण्याजोगे आहेत.

पहिला प्रयोग मालीच्या शेजारच्या गिनीचा. १९५८मध्ये फ्रान्सच्या छत्राखाली राहण्यास स्पष्ट नकार देऊन अहमद सेकू तुरे यांनी स्वातंत्र्य घेतले. १९६८च्या सुमारास त्यांनी शाळांतून आठ राष्ट्रीय भाषांचे माध्यम आणले. हेतू उदात्त होता. परंतु पुस्तके अपुरी, शिक्षकांची तयारी अपुरी आणि वरच्या शिक्षणाचा व नोकरीचा दरवाजा फ्रेंचचाच. शिवाय हा कार्यक्रम एका दडपशाही राजवटीशी जोडलेला होता. १९८४मध्ये तुरे यांचे निधन झाले, लष्कराने सत्ता घेतली आणि शाळांत फ्रेंच परतली. जे फर्मानाने आले, ते फर्मानानेच गेले.

दुसरा प्रयोग टांझानियाचा. तेथे १२०हून अधिक भाषा असल्या तरी स्वाहिली ही कोणा एका बलाढ्य जमातीची मालमत्ता नव्हती. किनाऱ्यावरील व्यापाराबरोबर ती अंतर्भागात पसरली होती. गाडीला ‘गारी’ आणि दुकानाला ‘दुका’ म्हणणारी ही भाषा हिंदी महासागरावरील जुन्या दळणवळणाच्या खुणा अद्याप अंगावर वागविते. ज्युलियस न्यरेरे यांच्या पक्षाने १९५४पासून ती स्वातंत्र्यलढ्याची भाषा केली. पुढे प्राथमिक शिक्षण, संसद आणि प्रशासन यांत ती रुजली. स्वतः न्यरेरे यांनी शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’ आणि ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ या नाटकांचे स्वाहिलीत अनुवाद केले. राष्ट्राध्यक्षाने अनुवादाला बसावे, यामागे आपली भाषा कोणताही विचार पेलू शकते हे दाखविण्याचा आग्रह होता. तरीही माध्यमिक शाळांत इंग्रजीच राहिली आणि न्यायालयांची भाषा म्हणून स्वाहिलीला कायद्याने स्थान मिळण्यास २०२१ साल उजाडले. अनुकूल परिस्थितीतही साठ वर्षे लागतात, हा यातला धडा.

या कसोटीवर साहेलचे देश कोठे आहेत? मालीने १३ भाषांना मान दिला, पण तो देणारी राज्यघटना फ्रेंचमध्येच लिहावी लागली. ऑक्टोबर २०२५मध्ये जिहादी संघटनेने केलेल्या इंधनकोंडीमुळे सरकारला देशभरातील शाळा दोन आठवडे बंद ठेवाव्या लागल्या. शाळा उघडी राहील याची शाश्वती नसेल, तर ती कोणत्या भाषेत चालावी हा प्रश्न दुय्यम ठरतो. नायजरची अडचण वेगळी आहे. तेथे हौसा सर्वाधिक बोलली जात असली, तरी पश्चिमेकडे झार्मा, उत्तरेकडे तुआरेगांची तमाशेक आणि पूर्वेकडे कानुरी आहे. फ्रेंचच्या जागी हौसाचे वर्चस्व आले, अशी भावना या भाषकांत निर्माण झाली, तर जुन्या दुखण्याच्या जागी नवे उभे राहील.

हौसाच्या बाजूने एक गोष्ट मात्र निश्चित आहे. सीमेपलीकडच्या नायजेरियात तिची पुस्तके, नभोवाणी आणि कानोचा चित्रपट व्यवसाय आहे. नायजरला सगळे शून्यातून उभारावे लागणार नाही. १८९०च्या रेषेने जे तोडले ते जोडण्याची ही संधी आहे. दुर्दैव असे, की याच राजवटीने जानेवारी २०२५मध्ये पश्चिम आफ्रिकी देशांचा आर्थिक समुदाय सोडला. ज्या शेजाऱ्याशी भाषा जोडते, त्याच्यापासून राजकारण दूर नेत आहे.

सर्वांत मोठी विसंगती याहून खोल आहे. माली आणि नायजर या दोन्ही देशांत २०२५मध्ये राजकीय पक्ष बरखास्त करण्यात आले आणि सत्ताधाऱ्यांनी मतपेटीकडे न जाता स्वतःला पाच-पाच वर्षांची मुदत घेतली. लोकांच्या भाषेला सिंहासन द्यायचे आणि लोकांच्या मताला दार बंद करायचे, हे दोन्ही एकाच वेळी फार काळ चालत नाही. भाषा राजभाषा होते ती राज्यकर्ते तिच्यात आज्ञा देतात म्हणून नव्हे. सामान्य नागरिक तिच्यात तक्रार नोंदवू शकतो, न्यायालयात बाजू मांडू शकतो आणि सरकारला जाब विचारू शकतो, म्हणून. मारादीच्या शेतकऱ्याला हौसात जाब विचारता आला आणि त्याला हौसातच उत्तर मिळाले, तर नियामेच्या सनदेतील ते कलम सार्थकी लागेल. अन्यथा गिनीचा इतिहास फार दूर नाही.