सापडलेली बंदूक आणि नागरिकाची भीती

पावसाळा सरून रान वाळू लागले, की सत्तरी, सांगे, काणकोण, पेडणे या तालुक्यांतील शेतकरी काजूची बागायत साफ करावयास घेतो. अशा वेळी झुडपाआड कोणी लपवून ठेवलेली एखादी ठासणीची बंदूक त्याच्या कोयत्याला लागली, तर त्याने काय करावे? ही शक्यता केवळ कल्पनेतील नव्हे. शेतीच्या रक्षणासाठी परवान्याने दिलेल्या बंदुका या भागांत पूर्वापार आहेत आणि चोरट्या शिकारीसाठी बाळगलेल्या बेकायदा बंदुकाही अधूनमधून उघडकीस येतात.

हा प्रश्न गावच्या तिठ्यावर विचारला, तर बहुधा तीन उत्तरे ऐकू येतील. पाहिलेच नाही असे समजून घरी यावे, हे पहिले. कोणाला न सांगता ती तळीत टाकून द्यावी, हे दुसरे. आणि रानडुकरांनी पिकाची नासाडी मांडलेली असताना आयतीच मिळाली आहे तर राहू द्यावी, हे दबक्या आवाजातील तिसरे. पोलीस स्थानकात कळवावे, हे चौथे उत्तर मात्र क्वचितच कोणी देईल. आमच्या मते, पहिली तिन्ही उत्तरे सारखीच घातक आहेत.

डोळेझाक करून निघून गेलेल्या माणसाच्या मागून गुरे राखणारा पोर त्याच वाटेने येतो. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छरे भरलेले आहेत की नाहीत, हे बाहेरून पाहून कळत नाही आणि कोरडी राहिलेली काळी दारू वर्षांनंतरही पेट घेऊ शकते. तळीत टाकलेल्या बंदुकीबरोबर तिच्यावरील क्रमांक, बोटांचे ठसे आणि कदाचित एखाद्या गुन्ह्याचा एकमेव पुरावा बुडतो. ती घरी ठेवणारा तर स्वतःच गुन्हेगार ठरतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगणाऱ्यास किमान दोन व कमाल पाच वर्षांची कैद आणि दंड सांगितला आहे. रानडुकरांची सबब तेथे चालणार नाही.

करावयाचे ते मुळीच अवघड नाही. बंदुकीला हात लावू नये. ती रिकामी आहे असे कधीही गृहीत धरू नये. चाप ओढून, नळीत डोकावून किंवा काडतूस काढून पाहण्याचे धाडस तर करूच नये. मुलांना व बघ्यांना दूर ठेवावे, एकाने सुरक्षित अंतरावर राखण करावी आणि दुसऱ्याने ११२ क्रमांकावर वा जवळच्या पोलीस स्थानकात कळवावे. ती पिशवीत घालून स्वतः स्थानकात नेण्याचा उत्साह सज्जनपणाचा असला, तरी शहाणपणाचा नव्हे. वाटेत अपघात घडू शकतो आणि ती नेमकी कोठे, कशी पडली होती हा पुरावाही नष्ट होतो. पोलीस आल्यावर जागा दाखवावी, पाहिले तेवढेच सांगावे आणि पंचनामा नीट वाचल्याखेरीज त्यावर सही करू नये. जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांची विस्मृतीत गेलेली बंदूक सापडली, तरी हाच मार्ग धरावा. वारसास परवाना मागता येतो. तोवर ती रीतसर जमा असली पाहिजे.

मग एवढी साधी गोष्ट माणसे का करीत नाहीत? कारण उघड आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आमच्या समाजाने अनुभवातून घडविली आहे. खबर देणाऱ्यालाच दिवसभर बाकावर बसवून ठेवायचे, "तुला ती सापडलीच कशी?" असे दरडावून विचारायचे, पुढे साक्षीसाठी खेटे घालावयास लावायचे, ही भीती कोणाच्या मनात नाही?

कायदा मात्र या भीतीच्या बाजूचा नाही. जाणीवपूर्वक ताबा असल्याखेरीज शस्त्र बाळगल्याचा गुन्हा होत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच मध्य प्रदेशातील एका खटल्यात सांगितले आहे. सापडलेली वस्तू मालकाला परत करण्याच्या हेतूने उचलणारा अप्रामाणिक ठरत नाही, असे भारतीय न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा वाद न घालता कोणत्याही स्थानकाने नोंदवून घेतली पाहिजे, आणि स्त्रियांना व साठ वर्षांवरील पुरुषांना साक्षीसाठी राहत्या जागेबाहेर बोलावता येत नाही. ज्यांना हे ठाऊक असायला हवे, त्या शेतकऱ्यांपर्यंत ते पोहोचलेलेच नाही, हे दुर्दैव होय.

रस्त्यावरील अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांच्या बाबतीत एके काळी हीच अवस्था होती. पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या भयाने माणसे जखमींकडे पाठ फिरवीत. अखेर २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालून अशा मदतनिसाला संरक्षण द्यावे लागले. शस्त्र कायद्यात असे कलम नाही. शस्त्रविषयक गुन्हा माहीत असता खबर देणे हे कर्तव्य असल्याचे ३६ वे कलम बजावते; पण कर्तव्य करणाऱ्याच्या पाठीशी कोण उभे राहील, हे ते सांगत नाही. ही उणीव संसदेने भरून काढावी, अशी आमची मागणी आहे.

तोपर्यंत राज्य सरकारला स्वस्थ बसण्याचे कारण नाही. सापडलेल्या शस्त्राची खबर देणाऱ्याचे म्हणणे शक्यतो त्याच्या घरीच नोंदवावे, त्याला लेखी पोच द्यावी आणि त्याचे नाव गुप्त राखावे, एवढे परिपत्रक पोलीस खात्याला आजही काढता येईल. ते मराठीत व कोंकणीत छापून प्रत्येक पंचायतीच्या फलकावर लावावे. परवानाधारकांनाही बजावावे, की बंदूक हरवताच तत्काळ कळविणे ही परवान्याचीच अट आहे. इभ्रतीपायी ती लपविणारा गावाच्या जिवाशी खेळतो.

नागरिकाने आपले कर्तव्य जरूर करावे. परंतु ते केल्याचा पश्चात्ताप त्याला होऊ नये, ही जबाबदारी सरकारची आहे, आणि ती पार पाडण्यासाठी एखाद्या पोराचा बळी जाण्याची वाट पाहू नये.