एकट्याला खोली द्या!

मोटारसायकलवरून एकटाच हर्णेला निघालो म्हटले, की मराठी माणूस दोनच निष्कर्ष काढतो : एक तर घरात भांडण झाले, नाही तर डोके फिरले. लॉजवाला तर "सिंगल माणसाला रूम नाही" हे अशा चेहऱ्याने सांगतो, की आपण जामिनावर सुटून आलो आहोत अशी आपलीच खात्री पटते.

अहो, संशय घ्यायचाच तर घोळक्याचा घ्या! हर्णेला तो अनुभव जुना आहे. १७५५ साली कमोडोर जेम्स पेशव्यांच्या साथीने जहाजे घेऊन आला, आणि तुळाजी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग गेला. त्याच सुवर्णदुर्गाला २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशात बसवले. आता वीस-वीस गाड्यांचे घोळके येतात, वाळूत चाके रुतवतात, किल्ल्याकडे पाठ करून फोटो काढतात आणि जेवायचे कुठे यावर तासभर भांडतात.

एकटा माणूस ताम्हिणीत हवा तिथे थांबतो. मंडणगडला दुसरा चहा घेतो, तोही ठराव पास न करता. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव निमूट ऐकतो, आणि एकटा दिसला म्हणूनच एखादी मावशी विचारते, "कुठनं आलास रे बाबा?" वीस जणांना हे कोणी विचारीत नाही.

जन्मभर दहाजणांत राहणाऱ्याला दोन दिवस स्वतःची सोबत मिळू नये, हा कुठला न्याय? लॉजवाले, खोली द्या. तो फार तर भरतीची वेळ विचारील. वीस जण आले, तर मात्र ॲडव्हान्स घ्या!