अर्ध्या मोसमाचा ताळेबंद : गोव्याची बचावफळी सावरली, पण अखेरच्या वीस मिनिटांचे काय?

डिसेंबरमधील सहा दिवसांच्या अंतराने झालेले दोन सामने एफसी गोवाच्या समर्थकांनी एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत असे आहेत. १४ डिसेंबर रोजी बंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर गोव्याकडे दोन गोलांची आघाडी होती. सामन्याची वीस-पंचवीस मिनिटे उरली असताना बंगळुरूने पहिला गोल फेडला, नंतर दुसराही फेडला आणि तीन गुणांचा सामना एका गुणावर आला. २० डिसेंबर रोजी फातोर्ड्यावर अव्वल स्थानावरील मोहन बागानविरुद्ध पुन्हा आघाडी मिळाली. ती पेनल्टीवर गेली, ब्रायसन फर्नांडिसने ती परत मिळवून दिली आणि या वेळी अखेरपर्यंत टिकवण्यात आली. निकाल २-१. सलग आठ सामने अपराजित राहिलेल्या मोहन बागानला गोव्याने रोखले.

यांपैकी खरा गोवा कोणता, हा प्रश्न घेऊन इंडियन सुपर लीगच्या २०२४-२५ मोसमाचा उत्तरार्ध सुरू होत आहे. साखळीतील २४ पैकी १२ सामने झाले आहेत. गोव्याचे २२ गुण आणि तिसरे स्थान आहे. तेवढेच सामने खेळलेल्या मोहन बागानचे २६ गुण आहेत. ऑक्टोबरच्या अखेरीस कोणी हे चित्र रंगवले असते, तर मडगावातला सर्वांत आशावादी समर्थकही हसला असता.

दोन षट्कारांची गोष्ट

पहिल्या १२ सामन्यांचे सहा-सहाचे दोन भाग पाडले की मोसमाची कहाणी आकडेच सांगतात. पहिल्या सहा सामन्यांत गोव्याने १२ गोल स्वीकारले आणि केवळ सहा गुण मिळवले. पुढच्या सहा सामन्यांत फक्त चार गोल स्वीकारले आणि १८ पैकी १६ गुण मिळवले. आक्रमणाचा हिशेब मात्र जवळजवळ तोच आहे : पहिल्या भागात ११ गोल, दुसऱ्या भागात १२. म्हणजे गोव्याच्या उसळीचे श्रेय गोल करणाऱ्यांना जेवढे दिले जाते, त्याहून अधिक ते गोल अडवणाऱ्यांचे आहे. पुढची फळी होती तेवढीच राहिली; मागचे दार मात्र बंद होऊ लागले.

घरच्या मैदानावर हा फरक अधिकच ठळक दिसतो. जमशेदपूर, नॉर्थईस्ट युनायटेड आणि मुंबई सिटी या तीन संघांविरुद्ध फातोर्ड्यावर गोव्याला नऊपैकी एकच गुण मिळाला आणि सात गोल पत्करावे लागले. त्यानंतर बंगळुरू, पंजाब आणि मोहन बागान हे तिघेही याच मैदानावरून रिकाम्या हातांनी परतले. तिन्ही सामने मिळून गोव्याने दोनच गोल स्वीकारले. २ नोव्हेंबर रोजी बंगळुरूवर मिळवलेला ३-० असा विजय हा या मोसमाचा सांधा म्हणावा लागेल. तोवर एकही सामना न हरलेल्या संघाला गोव्याने एकही संधी साधू दिली नाही. त्यानंतर कोचीत केरळ ब्लास्टर्सवर १-० आणि हैदराबादवर २-० असे विजय मिळाले, तेही एकही गोल न स्वीकारता.

पहिल्या सहा सामन्यांत घसरण का झाली, याचे सोपे उत्तर 'बचावपटू कमी पडले' असे दिले जात होते. ते अपुरे आहे. गेल्या मोसमात चेंडू आपल्याकडे राखण्याची गोव्याची ताकद ज्यांच्या पायांत होती, त्यांपैकी ब्रँडन फर्नांडिस मुंबई सिटीकडे आणि नोआ सदाऊई केरळ ब्लास्टर्सकडे गेला. चेंडू राखणे हाच ज्या संघाच्या बचावाचा पहिला टप्पा असतो, त्या संघाकडून चेंडू लवकर निसटू लागला की शिक्षा मागच्या फळीला भोगावी लागते. दोन्ही बगलांचे बचावपटू पुढे गेलेले, मधल्या फळीत मोकळे अंगण आणि धावत येणाऱ्या आक्रमकांसमोर उरलेले दोन मध्यवर्ती बचावपटू. अशा स्थितीत कोणाचीही बचावफळी दुबळी दिसते. नॉर्थईस्टविरुद्धचा ३-३ हा सामना अशाच मोकळ्या अंगणात रंगला. तटस्थ प्रेक्षकाला तो आवडला असेल, प्रशिक्षकाला नव्हे.

कोण कुठे उभा आहे

आता खेळाडूंकडे वळू. मध्यवर्ती बचावात ओडेई ओनाइंडिया आणि संदेश झिंगन ही जोडी गोव्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. ओनाइंडिया हा शांत डोक्याचा बचावपटू. मानोलो मार्केझ यांच्या हाताखाली तो हैदराबादमध्येही खेळला असल्याने प्रशिक्षकाला काय हवे, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. झिंगनचे महत्त्व तर त्याच्या अनुपस्थितीनेच पटवून दिले होते. गेल्या जानेवारीत आशिया चषकात सीरियाविरुद्ध गुडघा दुखावल्याने तो उरलेल्या मोसमास मुकला. पुनरागमनानंतर नोव्हेंबरमध्ये मलेशियाविरुद्ध तो पुन्हा भारतीय संघाकडून खेळला आणि बंगळुरूतील सामन्यात गोव्याचा पहिला गोलही त्यानेच केला. हवेतील चेंडूवरची हुकमत आणि सहकाऱ्यांना सतत जागेवर ठेवणारा आवाज या दोन गोष्टी गोव्याला परत मिळाल्या आहेत. मात्र मोठ्या दुखापतीतून परतलेल्या एकतिशीतील खेळाडूवर उरलेल्या १२ सामन्यांचा संपूर्ण भार टाकणे शहाणपणाचे नाही. या जोडीमागची दुसरी फळी किती तयार आहे, हा उत्तरार्धातील पहिला प्रश्न.

बगलांवर चित्र संमिश्र आहे. उजवीकडे बोरिस सिंग याची मूळ वृत्ती पुढे धावण्याची. कोचीतील विजयी गोल त्याचाच होता. पण तो पुढे गेल्यावर मागे पडणारी जागा कोणी भरायची, याचे उत्तर प्रत्येक सामन्यात सारखे मिळत नाही. डावीकडे चेन्नईयनकडून आलेला आकाश संगवान आणि मूळचा पुण्याचा जय गुप्ता असे दोन चांगले पर्याय आहेत. दोघेही आक्रमणात उपयुक्त आहेत; एकास एक बचावात दोघांचीही कसोटी अजून संपलेली नाही.

खरी सुधारणा मधल्या फळीत झाली आहे. कार्ल मॅकह्यूचे काम दूरचित्रवाणीवर फारसे दिसत नाही, कारण ते चेंडूपासून दूर चालते. प्रतिहल्ला सुरू होण्याआधीच त्याची वाट अडवणे, बगलेचा बचावपटू पुढे गेला की त्याची जागा राखणे, ही ती कामे. त्याच्या जोडीला गोमंतकीय साहिल ताव्होराने मिळालेल्या संधीचे सोने केले. बंगळुरूतील दुसरा गोल त्याचाच. या दोघांमुळे मागच्या चौघांपुढे एक कुंपण उभे राहिले. गोलरक्षक ऋतिक तिवारीवर येणारा ताण त्यामुळे कमी झाला. तरुण गोलरक्षकाच्या आत्मविश्वासासाठी याहून चांगले औषध नाही. उंच आलेल्या चेंडूसाठी गोलमुखातून बाहेर पडायचे की थांबायचे, हा निर्णय त्याने आणखी ठामपणे घ्यायला हवा.

घड्याळाचे जुने वैर

एवढी सुधारणा असूनही फातोर्ड्याच्या प्रेक्षागारातील जाणता समर्थक पंचाहत्तराव्या मिनिटानंतर स्वस्थ बसत नाही. त्यामागे दहा वर्षांचा अनुभव आहे.

२० डिसेंबर २०१५ रोजी याच मैदानावरील अंतिम सामन्यात ८७व्या मिनिटाला गोवा २-१ असा पुढे गेला होता. करंडक आणि गोवा यांच्यात काही मिनिटांचेच अंतर होते. ९०व्या मिनिटाला स्वयंगोल झाला, भरपाई वेळेत स्टिव्हन मेंडोझाने गोल केला आणि करंडक चेन्नईयनने नेला. २०१९ चा अंतिम सामना मुंबईत झाला. अतिरिक्त वेळेत अहमद जाहू बाहेर गेल्याने दहा खेळाडूंनिशी लढणाऱ्या गोव्याला ११७व्या मिनिटाला राहुल भेकेच्या हेडरने पराभूत केले. पेनल्टी शूटआउट तीन मिनिटांवर होता.

त्यानंतर २०२४ च्या एप्रिलमधील उपांत्य फेरीचा पहिला सामना. मुंबई सिटीविरुद्ध फातोर्ड्यावर ९०व्या मिनिटापर्यंत गोवा २-० असा पुढे होता. त्यानंतरच्या काही मिनिटांत लालियानझुआला छांगटेने दोन आणि विक्रम प्रताप सिंगने एक असे तीन गोल झाले. २-३. दुसरा सामना मुंबईने २-० असा जिंकला आणि पुढे करंडकही जिंकला. विशेष म्हणजे त्या मोसमात साखळीतील २२ सामन्यांत गोव्याने केवळ २१ गोल स्वीकारले होते. संपूर्ण मोसमात भक्कम दिसलेली तटबंदी नेमक्या एका संध्याकाळी, तीही काही मिनिटांतच ढासळली. सरासरी चांगली असणे आणि निर्णायक क्षणी उभे राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्या रात्रीचा धडा होता.

तो धडा पूर्णपणे गिरवला गेला आहे, असे या मोसमावरून म्हणता येत नाही. सलामीच्या सामन्यात जमशेदपूरने भरपाई वेळेत विजयी गोल केला आणि बरोबरीचा एक गुण हातचा गेला. बंगळुरूत शेवटच्या टप्प्यात दोन गुण गेले. न्यायाने हेही सांगायला हवे की कोलकात्यात मोहम्मेडन स्पोर्टिंगविरुद्ध आर्मांडो सादिकूने भरपाई वेळेतच बरोबरी साधून एक गुण मिळवून दिला. तरीही गमावलेले ते तीन गुण हाती असते, तर आज गोवा अव्वल स्थानापासून एका गुणावर असता.

शेवटच्या मिनिटांत असे का होते? नशिबाला दोष देणे सोपे आहे. पण या सामन्यांत एक समान धागा दिसतो. आघाडी मिळाली की गोव्याचा संघ नकळत दहा-पंधरा मीटर मागे सरकतो. चेंडू राखण्याची सवय असलेला संघ अचानक चेंडू लांब फेकू लागतो. लांब फेकलेला चेंडू लगेच परत येतो, आणि गोलमुखाजवळ जमलेल्या गर्दीत एक चुकीचा स्पर्श पुरेसा ठरतो. म्हणून आघाडी राखणे हे केवळ मागच्या चौघांचे काम नव्हे. पुढे उभ्या असलेल्या सादिकूने चेंडू पायाशी रोखून ठेवणे, बोर्जा हेर्रेराने खेळाची गती मंदावणे आणि प्रशिक्षकाने थकलेले पाय वेळेवर बदलणे, हाही बचावच आहे. मोहन बागानविरुद्ध गोव्याने दुसऱ्या गोलनंतर खेळणे थांबवले नाही, म्हणूनच ती आघाडी टिकली. बंगळुरूनंतर सहाच दिवसांत हे जमले, ही या अर्ध्या मोसमातील सर्वांत आश्वासक गोष्ट आहे.

पणाला लागले आहे ते

हा मोसम गोव्यासाठी इतर मोसमांसारखा नाही. मार्केझ यांच्याकडे २०२४-२५ मध्ये एफसी गोवासोबत भारतीय संघाचीही जबाबदारी होती आणि मोसम संपताच ते पूर्णपणे राष्ट्रीय संघाकडे जाणार होते. हैदराबादला २०२२ मध्ये याच फातोर्ड्यावर करंडक मिळवून देणाऱ्या प्रशिक्षकाकडून गोव्याला तो मिळवण्याची ही संधी. २०२० चे साखळी विजेतेपद, सुपर कप, ड्युरँड कप हे सारे गोव्याच्या कपाटात आहे. नाही तो फक्त सुपर लीगचा करंडक.

राज्याच्या फुटबॉलच्या दृष्टीनेही हे ओझे मोठे आहे. धेंपो, साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्स या क्लबांनी कधीकाळी राष्ट्रीय विजेतेपदे आपसांत वाटून घेतली. एकट्या धेंपोने पाच वेळा ते जिंकले. आज देशाच्या सर्वोच्च साखळीत गोव्याचे नाव घेऊन खेळणारा संघ एकच आहे. ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारखा गोलरक्षक आणि महेश गवळी, समीर नाईक यांच्यासारखे बचावपटू देशाला देणाऱ्या या भूमीतील संघाच्या मागच्या फळीत आज नियमित खेळणारे गोमंतकीय नाव नाही. सेरिटन फर्नांडिससारखा अनुभवी खेळाडू ताफ्यात आहे. पण त्याच्यानंतर कोण, याचे उत्तर मिळत नाही. ब्रायसनच्या रूपाने आक्रमणात स्थानिक रोप वाढते आहे. बचावात ते लावायचे राहून गेले आहे. हा प्रश्न एका मोसमात सुटणारा नाही, पण विसरण्याजोगाही नाही.

तूर्त हिशेब सरळ आहे. २०२४-२५ च्या मोसमात पहिल्या दोन संघांना उपांत्य फेरीत थेट प्रवेश होता. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या संघांना एका सामन्याच्या बाद फेरीतून जावे लागत होते. ज्या संघाला शेवटच्या मिनिटांची भीती आहे, त्याने एका सामन्याचा जुगार टाळलेलाच बरा. त्यासाठी उत्तरार्धात दुसऱ्या सहा सामन्यांतील शिस्त कायम ठेवावी लागेल. गोव्याचे सहापैकी चार विजय एकाच गोलच्या फरकाने मिळाले आहेत. एवढ्या पातळ आघाडीवर चालणाऱ्या संघाला एक चूकही महागात पडते.

४ जानेवारी रोजी भुवनेश्वरमध्ये ओडिशाविरुद्ध नव्या वर्षाची सुरुवात होईल. तेथे गोव्याला आघाडी मिळालीच, तर समर्थकांनी धावफलकापेक्षा एक साधी गोष्ट पाहावी : ऐंशीव्या मिनिटाला गोव्याची बचावफळी कोठे उभी आहे? ती मैदानाच्या मध्याकडे सरकलेली असेल, तर संघ शिकला आहे. ती गोलमुखाशी गोळा झालेली असेल, तर घड्याळाशी असलेले जुने वैर अजून मिटलेले नाही.