शनिवारचा दर

सहामाही परीक्षेत चांगले गुण मिळवले तर मोठे पाळणे दाखवायला नेऊ, असा शब्द आम्ही नातवंडांना दिला होता. गुण मिळाले आणि जानेवारीत शब्द पाळायची वेळ आली.

आमच्या लहानपणी बीडमध्ये मौज म्हणजे उरसातला आकाशपाळणा. आताची मुलं मोबाइलवर इमॅजिका बघतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत खोपोलीजवळ हे उद्यान 2013 साली सुरू झालं. पुढच्या वर्षी तिथे पाण्याचं उद्यान झालं आणि 2015 मध्ये शेजारी हॉटेलही उभं राहिलं. मुंबई-पुण्याचे लोक सकाळी जाऊन रात्री घरी परततात. बीडहून मात्र अंतर तीनशे किलोमीटरच्या वर. अम्मीचं वय झालेलं, सोबत दोन लहान मुलं. एका दिवसात जाऊन येणं शक्यच नाही. म्हणजे आपल्याकडच्या कुटुंबाला मुक्कामाची खोली ही चैन नसते, ती लागतेच.

लोणावळा-खोपोलीच्या पट्ट्यातल्या एका रिसॉर्टला आम्ही फोन लावला. गुरुवारचा दर सांगितला एका खोलीला 5,500 रुपये. आम्ही म्हटलं, शनिवारचं बघा. उत्तर आलं, 8,500. खोली तीच, पलंग तोच, नाश्ताही तोच. विचारलं तर पलीकडचा मुलगा अगदी अदबीने म्हणाला, "चाचा, शनिवार आहे ना." जणू शनिवार आम्हीच आणला होता.

फोन ठेवून आम्ही हिशेबाला बसलो, तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के झाला आहे. त्याच्या वर भाडं गेलं की कर 18 टक्के, आणि तो वरच्या रकमेवर नाही, पूर्ण भाड्यावर. म्हणजे गुरुवारी एका खोलीचे करासह 5,775 रुपये आणि शनिवारी 10,030. दोन खोल्यांचे गुरुवारी 11,550, तर शनिवारी 20,060. फरक 8,510 रुपयांचा. त्यात हॉटेलने वाढवलेले 6,000 आणि करामुळे वाढलेले 2,510. दर वाढवला हॉटेलने, पण त्याच्या मागोमाग कराचा टप्पाही बदलला.

तुम्ही म्हणाल, मग गुरुवारी जायचं. आमचं दुकान आहे, ते कोणत्याही दिवशी बंद ठेवता येतं. मुलांची शाळाही एखादा दिवस बुडली तर चालेल. पण मोठा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. सून आणि मुलं इथे, तो तिथे. त्याला सुट्टी शनिवार-रविवारचीच, आणि त्यातलेही महिन्याचे दोनच रविवार तो घरी असतो. गुरुवारी गेलो तर साडेआठ हजार वाचतील, पण मुलं पाळण्यात बसतील तेव्हा त्यांचा बाप ऑफिसात असेल.

आमच्या घरात दोन तट पडले. आम्ही म्हणालो, साडेआठ हजारांत मुलांची वर्षाची वह्या-पुस्तकं, गणवेश येतात. सून काही बोलली नाही. तिचं गप्प राहणं आम्हाला कळत होतं. अम्मी मात्र तसबीह बाजूला ठेवून म्हणाली, "बेटा, मुलांना पाळणा दाखवायचाय की बापासोबत पाळण्यात बसवायचंय, ते आधी ठरवा."

तेव्हा रागाच्या भरात आम्ही हॉटेलवाल्यांना लुटारू म्हणून मोकळे झालो. त्यावर धाकटा मुलगा, जो दुकानात आमच्यासोबत बसतो, हळूच म्हणाला, "अब्बा, रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आपण काय करतो?"

आम्ही निरुत्तर झालो. जो कुर्ता शाबानमध्ये घासाघीस करून साडेचारशेला देतो, तोच चाँदरातीला साडेपाचशेच्या खाली देत नाही. गिऱ्हाईकाला दुसऱ्या दिवशी नमाजला जायचं असतं, मुलाला नवे कपडे हवेच असतात, हे आम्हाला ठाऊक असतं. मग हॉटेलवाल्याला कोणत्या तोंडाने बोलायचं?

त्याची बाजूही खरी आहे. आमचा कुर्ता आज विकला गेला नाही तर उद्या विकला जाईल. हॉटेलची आजची रात्र आज रिकामी गेली की कायमची गेली. नोकरांचे पगार, वीज, देखभाल मंगळवारीही चुकत नाही. त्यामुळे तो भरलेल्या शनिवारातून रिकाम्या मंगळवारची भरपाई करतो. ही रीत आजची नाही. 1978 मध्ये अमेरिकेत विमानभाड्यावरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या भावांनी विकायचं तंत्र वाढत गेलं. हॉटेलांनी ते उचललं. 2016 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडने गर्दीच्या आणि कमी गर्दीच्या दिवसांचं तिकीट वेगळं केलं. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या रेल्वेनेही राजधानी, शताब्दी, दुरांतो गाड्यांना जागा भरतील तसं वाढणारं भाडं लावलं.

एवढं समजून घेतलं तरी एक बोचणी राहतेच. हा जादा भार श्रीमंतावर पडतो असं नाही. ज्याला आपला दिवस स्वतः निवडता येत नाही, त्याच्यावर पडतो. ज्याचा धंदा स्वतःचा, तो मंगळवारी जाऊन स्वस्तात राहून येतो. जो नोकरीत अडकलाय, ज्याची मुलं शाळेत आहेत, त्याने शनिवारचा दर भरायचा. खाजगी बसला निदान मर्यादा आहे. 2018 मध्ये राज्य सरकारने ठरवून दिलं की एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घेता येणार नाही. ती कितपत पाळली जाते, हे दिवाळीत पुण्याहून बीडला येणाऱ्यांना विचारा, पण तक्रार करायला नियम तरी आहे. हॉटेलच्या खोलीला अशी मर्यादा नाही. बिस्किटाच्या पुड्यावर छापील किंमत असते, खोलीच्या दारावर नसते.

म्हणून ग्राहकाच्या हातात जे आहे, ते तरी करावं. पहिलं म्हणजे दर विचारताना "करासह, सगळं धरून किती" असंच विचारावं आणि आकडा लेखी मागवावा. आधी कमी किंमत दाखवायची आणि पैसे भरताना एकेक आकार वाढवत न्यायचा, ही ऑनलाइन चाल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये अनुचित ठरवली आहे. दुसरं, बिलात आपोआप सेवाशुल्क लावलेलं असेल तर ते काढायला सांगावं. ते ऐच्छिक आहे, सक्तीचं नाही. ऐकलं नाही तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिसरं, भाडं 7,500 च्या किंचित वर जात असेल तर थोडी घासाघीस करून ते खाली आणावं, म्हणजे भाड्यासोबत करही उतरतो.

आणि चौथी गोष्ट आम्हाला मोठ्या मुलाने सुचवली. "अब्बा, रविवार रात्रीचा दर विचारला का?" आम्ही विचारला नव्हता. शनिवारी आलेले लोक रविवारी दुपारी निघून जातात आणि खोल्या रिकाम्या होतात. दर निघाला 6,000, करासह 6,300. दोन खोल्यांचे 12,600. शनिवारपेक्षा 7,460 रुपये कमी. मुलाने सोमवारची एक रजा टाकली, आम्ही रविवारी फजरनंतर बीड सोडलं, पुण्यात त्याला गाडीत घेतलं. सोमवारी उद्यानातही रांगा लहान होत्या. अम्मी एका बाकावर बसून होती. पाळणा वर गेला तेव्हा नातू बापाच्या दंडाला घट्ट धरून ओरडत होता, ते तिने खालून पाहिलं.

प्रत्येकाला सोमवारची रजा मिळतेच असं नाही, हे आम्ही जाणतो. पण मिळत असेल तर पैसे वाचवण्यासाठी घरातलं माणूस मागे ठेवण्यापेक्षा, त्या माणसाची एक रजा खर्ची घालणं बरं.

दुकानाचं राहिलं. या वर्षी रमजानच्या पहिल्या तारखेलाच आम्ही कुर्त्यांवर भावाच्या चिठ्ठ्या लावल्या आणि चाँदरातीपर्यंत त्या बदलल्या नाहीत. नफा थोडा कमी झाला. धाकट्याने मात्र त्या रात्री हिशेबाची वही मिटताना आमच्याकडे बघून नुसतं हसून घेतलं.